पेन्सिलीने लिहिलेलं कॉलेज

ताई, नमस्कार.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. धाराशिवला एका पतसंस्थेत अकाउंट बघते. माहेर तेरजवळच्या एका खेड्यातलं. मोठ्या मुलीची सीईटी झाली, 91 पर्सेंटाइल आहेत. सध्या घरात कॅप राउंडशिवाय, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांशिवाय, दुसरा विषय नाही. रोज रात्री जेवणं झाली की ती आणि मी लॅपटॉप घेऊन बसतो आणि ऑप्शन फॉर्मची कच्ची यादी वहीत काढतो. तिला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी हवंय, सिव्हिल. मी म्हणते, वर पुण्याची चार नावं टाक. यावरून दोनदा वाजलं.

परवा ती झोपल्यावर वही पुढ्यात होती. सहज मनात आलं, मला कुणी असा फॉर्म दिला असता, आणि टक्के, पैसा, घर काही आड येणार नाही म्हणाले असते, तर पहिलं नाव काय लिहिलं असतं? पानामागे पेन्सिलीने लिहिलं, '1. डेक्कन कॉलेज, पुणे.' दुसरं नाव सुचलंच नाही.

आठवीत असताना बाईंनी आम्हाला तेरचं म्युझियम दाखवून मग पांढरीच्या टेकाडावर, म्हणजे जुन्या वस्तीच्या उंचवट्यावर, नेलं होतं. पाऊस होऊन गेलेला. मला एक खापर सापडलं. त्याच्या आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांच्या रेघा होत्या, माझं बोट त्यात बरोबर बसलं. बाई म्हणाल्या, हे सगळं शिकवणारं कॉलेज पुण्यात आहे. ते खापर अजून माझ्या जुन्या कंपासपेटीत आहे. 1999 ला बारावीत 71 टक्के पडले, पण अण्णा म्हणाले, पुण्यात एकटी पोरगी कुठं ठेवू? मग एसटीच्या पासावर बी.कॉम. झालं. वाईट काही झालं नाही. नोकरी आहे, घरची माणसं चांगली आहेत.

सकाळी मुलीने ते पान पाहिलं. 'आई, हे कुठलं कॉलेज? याचा कोड काय?' मी 'चुकून लिहिलं' म्हणाले आणि खोडून टाकलं. तेव्हापासून रात्री डोळे मिटले की मी तिथे असते. होस्टेलची खोली, खिडकीत झाड, टेबलावर दिवा, आणि उद्या डब्याला काय करायचं हे कुणी विचारत नाही. या वयात हे बरं आहे का? की डोक्यातून काढून टाकू? हसाल तर हसा.

– तेरकडची एक

तेरकर ताई,

हसले, पण एकाच जागी. 'याचा कोड काय?' तिथे. फॉर्ममध्ये प्रत्येक कॉलेजला कोड असतो, पोरगी आठवडाभर ते पाठ करतेय बिचारी, तिला वाटलं हाही एक असेल. सीईटी सेलची अख्खी यादी चाळली तरी तुमचं कॉलेज सापडायचं नाही, ते त्या दुनियेतलंच नाही. त्याकडे येते. आधी मुलीचा फॉर्म, कारण त्याला तारीख आहे आणि तुमच्या गोष्टीला तूर्त नाही.

ऑप्शन फॉर्म भरताना बहुतेक घरांत दोन चुका होतात. पहिली भीतीची. 'मिळण्यासारखं' वर आणि 'मिळालं तर बरं' खाली. काही गरज नसते. यादी लावताना गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे एकेका विद्यार्थ्याचा फॉर्म घेतला जातो आणि तो वरून खाली वाचला जातो. वरचं नाव आवाक्याबाहेरचं असेल तर ते ओलांडून पुढच्या नावावर जातात. वर मोठं नाव लिहिलं म्हणून खालचं कुणी काढून घेत नाही. उलट भीतीपोटी साधं नाव पहिल्या नंबरला टाकलं आणि पहिल्याच फेरीत तेच लागलं, तर ऑटो फ्रीझ, म्हणजे तीच जागा आपोआप पक्की. मग पुढच्या फेऱ्यांत तोंड वर करून बघायचीही सोय नाही.

दुसरी चूक तुमच्या घरात चाललीय. वरून खाली वाचताना जे आधी मिळेल तिथेच वाचन थांबतं. तुम्ही वर घातलेल्या पुण्याच्या चारांपैकी एखादं लागलं, तर पाचव्या क्रमांकाच्या संभाजीनगरपर्यंत तिचा फॉर्म पोहोचणारच नाही. बेटरमेंट, म्हणजे मिळालेली जागा धरून पुढच्या फेरीत अधिक चांगलीची वाट बघणं, घेतलं तरी ते वरच्याच नावांसाठी असतं, खाली उतरता येत नाही. म्हणजे 'नुसती वर टाकून ठेव, काय बिघडतंय' हे तुमचं म्हणणं असेल, तर बिघडतंय. तिला खरोखर जे हवं ते एक नंबरला, मग दोन, मग तीन. सिव्हिलला भविष्य नाही वगैरे नातेवाईक सांगतीलच, त्यांना चहा द्या.

आणि एक विचारते, रागावू नका. पुण्याची ती चार नावं कुणाच्या यादीतली आहेत? तुम्ही पत्रात त्यांच्यातल्या एकाचंही नाव लिहिलेलं नाही. नुसतं 'पुण्याची चार'. कुठली शाखा, फी किती, कटऑफ काय, काही नाही. वही घेऊन रोज बसणारी, पतसंस्थेचे हिशेब बघणारी बाई इतकं मोघम लिहीत नाही. मला वाटतं तुम्हाला त्या कॉलेजांशी काही देणंघेणं नाही, तुम्हाला फक्त पुणं लिहायचं होतं. ते तुम्ही परवा रात्री योग्य पानावर लिहिलंत. आता मुलीच्या पानावरून ते उतरवा, एवढंच.

आता तुमचं पान.

तुमच्या रात्रीच्या चित्रात दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्यात, त्या सोडवल्याशिवाय 'बरं आहे का' याला उत्तर देता येणार नाही. एक म्हणजे खोली, दिवा, खिडकी आणि डब्याची न झालेली विचारणा. ते अठरा-एकोणीस वर्षांचं वय आहे, कॉलेजच्या नावाने आलेलं. ते कुठल्याही फेरीत लागत नाही, आणि मी खोटा धीर द्यायची नाही. त्याचं वाईट वाटत असेल तर वाटू द्या. मलाही मधूनच वाटतं. पण डब्याचा भाग मात्र वयाचा नाही हं. उद्या डब्याला काय, हे आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या कुणी ठरवावं यासाठी पुण्याला जावं लागत नाही. घरची माणसं चांगली आहेत असं तुम्ही लिहिलंय. चांगल्या माणसांना पोह्याचा डबा जमतो.

दुसरी गोष्ट खापर. तिथे तुमचं पत्र एकदम जिवंत झालं. बोट रेघेत बरोबर बसलं, हे तीस वर्षांपूर्वीचं तुम्ही काल घडल्यासारखं लिहिलंय.

आणि त्याबद्दल तुम्हाला माहीत नसावी अशी एक गोष्ट सांगते. 1999 साली अण्णा 'जा' म्हणाले असते, ट्रंक घेऊन तुम्ही पुण्याला उतरला असता, तरी डेक्कन कॉलेजने तुम्हाला घेतलं नसतं. बारावीवर तिथे प्रवेशच नव्हता. ती पदव्युत्तर शिक्षणाची आणि संशोधनाची संस्था. आधी पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजात तीन वर्षं काढून पदवी घ्यावी लागली असती, मग येरवड्यातल्या या कॉलेजचं दार. म्हणजे तुमच्या चित्रातली एकोणीस वर्षांची मुलगी त्या होस्टेलमध्ये कधी असूच शकत नव्हती. तिथे बसण्याची पात्रता असलेली तुमच्या घरातली बाई पंचेचाळीस वर्षांची आहे आणि तिच्याकडे बी.कॉम.चं सर्टिफिकेट आहे. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला वाणिज्य आणि विज्ञानाचे पदवीधरही येतात. यंदाच्या अटी, परीक्षेची तारीख, फी हे त्यांच्या माहितीपत्रकात बघायचं. ते मागवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या बाईंनी नाव सांगितलं, पुढचं सांगायला वेळ नसेल मिळाला, म्हणून थोडं मी सांगते. हे कॉलेज 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालं. येरवड्याची ती दगडी गॉथिक इमारत 1868 ची, जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेली. टिळक तिथले विद्यार्थी, त्यांची खोली अजून जपून ठेवलीय. 1934 मध्ये सरकारने ते बंद केलं. जुने विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले, आणि 1939 मध्ये ते पुन्हा उघडलं, या वेळी फक्त संशोधन आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी. त्या पहिल्या फळीत हसमुख सांकलिया पुरातत्त्वाला आणि इरावती कर्वे समाजशास्त्राला होत्या. नंतर इरावतीबाईंनी महाराष्ट्र पायाखाली घातला, आणि सांकलियांच्या हाताखाली खापरांकडे बघायला शिकलेली एक पिढी तयार झाली. घोड नदीकाठच्या इनामगावला 1968 ते 1983 त्यांची उत्खननं चालली. तीन हजार वर्षांमागचं शेतकऱ्यांचं गाव निघालं तिथे. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल. मी त्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पान उलटता आलं नव्हतं.

आणि तुमचं तेर. माहेरच्या भागाबद्दल बाहेरच्या बाईने सांगणं आगाऊपणा आहे, तरी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जातं. ते तगर म्हणजे तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने 1901 मध्ये मांडलं. 1958 मध्ये पुरातत्त्व अभ्यासक चापेकरांनी तिथे उत्खनन केलं. पण तुम्ही आठवीत पाहिलेलं म्युझियम उभं राहिलं ते कुठल्या कॉलेजातून नाही, तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंमधून. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती, ती हस्तिदंताची बाई. गोरोबाकाकांच्या गावात कुंभाराच्या बोटांची रेघ हातात येते आणि तुम्ही विचारता, हे डोक्यातून काढून टाकू का. कशाला?

फक्त ते काम कसं असतं हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर दिवा आणि खिडकीच्या जागी दुसरं स्वप्न यायचं. मी एकदा लेखासाठी एका उत्खननावर चार दिवस राहिले होते. मला वाटलं होतं, रोज काहीतरी निघेल. रोज निघाली ती खापरं. टोपल्याच्या टोपल्या. ती पाण्यात मऊ ब्रशने धुवायची, चटईवर वाळवायची, मग वेगळी करायची: काठ एकीकडे, बूड एकीकडे, नक्षीची एकीकडे, काळी-तांबडी एकीकडे. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी, तिच्यावर जागेचं नाव, खड्ड्याचा नंबर, थर, तारीख. चिठ्ठी हरवली तर ती पिशवी फुकट गेली, कारण खापर कुठल्या थरातलं हेच माहीत नसेल तर ते काही सांगू शकत नाही. दुपारी उन्हात रजिस्टरवर आकडे मांडत बसलेल्या एका मुलीने मला सांगितलं, 'सगळ्यांना खोदायला यायचं असतं, मोजायला कुणी बसत नाही.' माझी कंबर दुसऱ्या दिवशीच गेली. तुम्ही मात्र वीसेक वर्षं व्हाउचर, रोजकीर्द आणि जुळत नसलेले अकरा रुपये शोधण्यात घालवली असतील. त्या चटईवर तुम्ही माझ्यापेक्षा पुष्कळ टिकाल.

कंपासपेटीतल्या खापराचं मात्र यावरून कळलं असेल. त्याची चिठ्ठी हरवलीय. तेव्हा तुम्ही आठवीत होता, दोष नाही, आणि पावसाने वर आणलेलं होतं. पण आता पुन्हा टेकाडावर गेलात तर उचलू नका. फोटो काढा, जागा लिहून घ्या, आहे तिथे ठेवा. आणि हे खापर घेऊन एकदा म्युझियममध्ये जा, टेकाडाच्या कुठल्या बाजूला सापडलं ते आठवत असेल तर सांगा. ते ठेवून घेतील किंवा हसून परत देतील. ते कुठल्या काळचं असावं हे विचारायला तुम्हाला तीस वर्षं लागली, तेवढं विचारून या.

आता व्यवहार. दोन वर्षं पूर्ण वेळ पुण्यात जाऊन एम.ए. करणं तुम्हाला यंदा जमेल असं मला वाटत नाही. मुलगी बाहेरगावी निघालीय, तिची फी, होस्टेल, आणि पतसंस्था दोन वर्षांची रजा द्यायला बसलेली नाही. 'मनात आणलं तर काहीही जमतं' असं सांगणारे माझ्या सदराशेजारीच छापले जातात, त्यांना विचारा. मी तुमच्या जागी असते तर उलट्या बाजूने सुरुवात केली असती. सोलापूरच्या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असा विभाग आहे. धाराशिवहून सोलापूर एसटीने जाऊन-येऊन होण्यासारखं. एखाद्या सुट्टीच्या शनिवारी नव्हे, कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकून जा, म्हणजे माणसं जागेवर भेटतील. नोकरी सांभाळून काय करता येईल, हजेरी किती लागते, हे समोरासमोर विचारा. तेही नको असेल तर इग्नूचं इतिहासातलं एम.ए. घरबसल्या होतं. त्यात खापरं धुवायला मिळणार नाहीत, पण वाचायची सवय परत येईल. पंचेचाळिसाव्या वर्षी आधी तीच यावी लागते, हे मी अनुभवाने सांगते. चाळिशीनंतर मी एका डिप्लोमाला बसले होते, पहिल्या पेपरात तीन तास लिहून हात असा आखडला की दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता आल्या नाहीत. घरच्यांनी भात खाल्ला.

हे सगळं करून दोन-तीन वर्षांनी, मुलगी मार्गी लागल्यावर, येरवड्याचं नाव तरीही पहिल्या नंबरला असेल तर तेव्हा बघू. नसेल तर नसेल. तेव्हा मात्र ते नाव 'आता या वयात कुठे' म्हणून खाली ढकलू नका. मुलीला जो नियम सांगितला तोच.

अण्णांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय आणि त्यांना एकही वाईट शब्द वापरलेला नाही. ते हयात आहेत का, कळलं नाही. असतील तर त्यांच्याकडे हा हिशेब काढू नका. 1999 मध्ये ते तुम्हाला डेक्कन कॉलेजपासून अडवत नव्हते, त्यांनाही त्याचं नाव माहीत नसणार. ते पुण्यात राहायची खोली शोधत होते आणि ती त्यांना सापडली नाही. वाटलंच तर त्यांना ते खापर दाखवा. शेतात नांगरताना त्यांनी असली किती पाहिलीत ते विचारा. टेकाडाच्या आजूबाजूला शेत असलेली म्हातारी माणसं काय काय सांगतात, विचारू नका. लिहून घ्यायला वही बरोबर ठेवा.

मुलीला मात्र खरं सांगा. आजच. तिने 'चुकून लिहिलं' वर विश्वास ठेवलेला नाही, त्या वयाच्या पोरी आईचं अक्षर ओळखतात आणि खोडलेलंही वाचतात. तिला सांगा की या कॉलेजला कोड नाही, प्रवेशाचा वेगळा फॉर्म आहे. मग तिचं संभाजीनगर वर आणि तुमची चार नावं खाली करताना तुमच्यात तिसऱ्यांदा वाजणार नाही असं मला वाटतं. सिव्हिलवाली पोरगी आहे, उद्या तुमच्या खड्ड्याचं मोजमाप घ्यायला ती कामाची.

आणि मुलीच्या प्रवेशाची धावपळ संपल्यावर, नुसतं बघायला म्हणून पुण्याला गेलात, तर एक लक्षात ठेवा. स्टेशनवर रिक्षावाल्याला नुसतं 'डेक्कन' म्हणू नका. तो डेक्कन जिमखान्यावर नेऊन सोडेल, नदीपलीकडे, साफ उलट्या दिशेला, आणि भाडं घेईल. 'येरवडा, डेक्कन कॉलेज' असं पूर्ण म्हणा.